वाढलेलं शिंग ‘ऐच्छिक’ नसतं : पशुवैद्यकीय सेवेच्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पशुवैद्यकीय सेवेचे प्रमुख अधिकारी
आणि या सेवेत शस्त्रक्रिया करणारे सर्व डॉक्टर

महोदय,

आपण काढलेला एक आदेश दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. तीनच ओळींचा आहे. प्रौढ जनावरांची शिंगं काढणं ही ऐच्छिक शस्त्रक्रिया आहे, ती यापुढे दवाखान्यात होणार नाही, पशुपालकांनी शिबिराची वाट पाहावी, असं त्यात लिहिलं आहे. मी तो तीनदा वाचला. हातात चंद्रीचं दावं होतं, आणि तिच्या डाव्या शिंगाचं टोक तिच्याच गालात रुतलेलं होतं.

चंद्री आमच्या गोठ्यात जन्मलेली, अकरा वर्षांची गाय. कालवड असताना खोड्यात अडकून तिचं डावं शिंग मुळाशी दुखावलं, आणि तेव्हापासून ते बाहेरच्या बाजूला न जाता खाली वळत वाढलं. शिंग जनावराच्या आयुष्यभर वाढतं. मुळाशी जिवंत त्वचा असते, तिच्यातून नवं कवच तयार होतं आणि जुनं पुढे सरकतं. नीट वळणाच्या शिंगाचं त्यानं काही बिघडत नाही. वाकडं शिंग मात्र कधी ना कधी कुठेतरी जाऊन टेकतं. डोळ्याखाली टेकतं, जबड्यावर टेकतं, काहींचं मागे वळून कवटीवर येतं. आधी तिथले केस झिजतात, मग कातडी सोलवटते, मग टोक आत जायला लागतं. गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. तेवढा सगळा वेळ जबडा हलत असतो आणि टोक त्याच जखमेत घासत असतं.

माझीही चूक झाली. केस झिजलेले दिसले तेव्हाच मी तिला आणायला हवं होतं. खाजवल्यामुळे झालं असेल असं समजून मी दीड-दोन महिने घालवले. पण मी आले तेव्हा जखम बोटाच्या पेराएवढी खोल होती, आणि ज्यांनी ती पाहिली त्या तरुण डॉक्टरांना काय करायला हवं हे नीट माहीत होतं. त्यांनी जखम धुतली, मलम लावलं, केसपेपरवर ‘डावे शिंग वाढलेले’ असं लिहिलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच मला दिसत होता. त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. शिबिराला अजून अडीच महिने होते.

अडीच महिने टोक गालात ठेवून गाय कशी सांभाळायची, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी घरी आले आणि चौथ्या दिवशी शिंगं कापणाऱ्या माणसाला बोलावलं. पुढचं मी लिहिते आहे ते दया यावी म्हणून नव्हे. आपल्या आदेशानंतर गोठ्यागोठ्यांतून काय घडतं आहे ते आपल्यासमोर कोणीतरी ठेवायला हवं.

त्यानं चंद्रीचे पाय बांधून तिला आडवं पाडलं. चौघे तिच्यावर बसले. भुलीचं इंजेक्शन नव्हतं. करवत लाकूड कापायची होती. पहिल्या काही फेऱ्यांत ती गप्प पडून होती, कारण करवत अजून वरच्या कवचात होती. मग ती आत पोहोचली. अकरा वर्षांत मी चंद्रीचा तसा आवाज ऐकला नव्हता, आणि गोठ्यातल्या बाकीच्या गाईंनीही नसावा, कारण त्या सगळ्या दावणीला ओढ देऊन उभ्या राहिल्या. रक्त ओघळलं नाही, ठोक्याठोक्याला उडालं, समोरच्या भिंतीवर गेलं. लाल केलेल्या सळईनं डाग देऊन त्यानं ते थांबवलं. शिंग पडल्यावर तिथे नुसती जखम नव्हती, भोक होतं. आत अंधार होता, आणि चंद्री श्वास घेत होती तशी त्या भोकाच्या कडेची रक्ताची बुडबुडी फुगत होती, फुटत होती. तो म्हणाला, मोठ्या जनावराचं असंच असतं. वर कापड बांधून तो गेला.

नवव्या दिवशी तिच्या डाव्या नाकपुडीतून घाण वासाचा पू यायला लागला. डोकं एका बाजूला कलतं करून ती उभी राहायची, वैरणीला तोंड लावायची नाही. कापड सोडलं तर आत अळ्या वळवळत होत्या. त्यापुढचे सत्तर दिवस एका निवृत्त पशुवैद्यांनी येऊन-जाऊन, पोकळी पातळ जंतुनाशकानं धुऊन, अळ्या वेचून, प्रतिजैविकं देऊन तिला वाचवलं. ती जगली. दूध आटलं ते त्या वेतात परत आलं नाही.

त्या सत्तर दिवसांत त्या डॉक्टरांकडून मी जे शिकले, ते आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे याची मला खात्री आहे. तरी इथे लिहिते, कारण हे पत्र माझ्यासारखे अनेक गोठेवाले वाचतील आणि त्यांतल्या बहुतेकांना हे कोणी सांगितलेलं नाही.

वासराच्या पहिल्या दोनेक महिन्यांत शिंगाची कळी कातडीत सुटी असते, कवटीला चिकटलेली नसते. पुढे ती हाडाला जडते. वासरू साधारण सहा-आठ महिन्यांचं झालं की कपाळाच्या हाडातली पोकळी, जिला डॉक्टर सायनस म्हणतात, हळूहळू शिंगाच्या हाडात शिरायला लागते. प्रौढ जनावराचं शिंग म्हणजे वर नखासारख्या पदार्थाचं कवच, त्याखाली रक्तानं भरलेली जिवंत त्वचा, त्याखाली हाडाचा गाभा, आणि गाभ्याच्या आत थेट नाकाशी जोडलेली हवेची पोकळी. ते मुळाशी कापलं की कवटीला खिडकी पडते. भोकाच्या कडेला बुडबुडे फुगत होते ते यामुळे. शिंगात पडलेली घाण नाकातून पू होऊन आली तीही यामुळेच. वासराची कळी काढणं आणि प्रौढ जनावराचं शिंग काढणं यांना आपण बोलताना एकाच नावानं ओळखतो, पण पहिलं काम काही मिनिटांचं आहे आणि दुसरी मोठी शस्त्रक्रिया आहे.

मोठी शस्त्रक्रिया आहे म्हणून आपण ती बंद केली असेल, तर मला आपली भीती समजते. पण अवघड म्हणून डॉक्टरांनी सोडलेलं काम करवतवाल्याच्या हातात सोपं होत नाही.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार ‘ऐच्छिक’ या शब्दाबद्दल आहे, आणि हीच सर्वांत मोठी आहे. गाय दिसायला बरी दिसावी, गोठ्यात जागा कमी लागावी, वाहतुकीत सोय व्हावी म्हणून कोणी धडधाकट शिंगं काढायला आणत असेल, तर त्याला ऐच्छिक म्हणा. त्याला नकार दिलात तरी मी आपल्या बाजूनं उभी राहीन. पण आपल्या तीन ओळींनी सगळी शिंगं एका पोत्यात भरली. गालात, डोळ्याजवळ किंवा कवटीत रुतणारं शिंग त्यात आलं. टक्कर होऊन हाडासकट मोडलेलं आणि लोंबणारं शिंगही आलं. शिंगाचा कर्करोगसुद्धा आला.

या शेवटच्या गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे. माझ्या शेजाऱ्यांचा आठ वर्षांचा बैल होता. तो डोकं झटकायला लागला, शिंग खुंटाला घासायला लागला, मग एकाच नाकपुडीतून रक्ताळ पाणी गळायला लागलं. शिंग मुळाशी हाताला मऊ आणि गरम लागायचं, आणि पुढे ते एका बाजूला झुकलं. ही लक्षणं शिंगाच्या गाभ्यातल्या कर्करोगाची असू शकतात, हे कोणत्याही पशुवैद्याला वेगळं सांगावं लागत नाही. वशिंड असलेल्या वंशाच्या जनावरांत, त्यातही खच्ची केलेल्या मध्यमवयीन बैलांत, हा आजार विशेष दिसतो. लवकर ओळखून शिंग मुळापासून काढलं आणि वर कातडी ओढून शिवली, तर जनावर वाचण्याची चांगली आशा असते. उशीर झाला की गाठ कपाळाच्या पोकळीत पसरते आणि मग हातात काही राहत नाही. शेजाऱ्यांनाही भिंतीवरचा तोच कागद दाखवला गेला. शिबिराचा दिवस उजाडला तेव्हा शिंग आपोआप गळून पडलेलं होतं आणि त्या जागी मांसाचा फुलकोबीसारखा गोळा बाहेर आला होता. बैलाला पुढे त्रास नको म्हणून त्याला शांतपणे निरोप द्यावा लागला. त्या बैलाच्या केसपेपरवरही ‘ऐच्छिक’ लिहिलेलं आहे. शेजाऱ्यांनी तो जपून ठेवला आहे.

दुसरी तक्रार अशी, की दवाखान्यात बंद झालं म्हणून शिंगं कापणं बंद झालेलं नाही. ते गोठ्यामागे गेलं. करवत, गरम सळई, आणि कुठे कुठे शिंगाच्या मुळाशी घट्ट रबर चढवून ते वाळून पडण्याची वाट पाहणं. रबराचा प्रकार वरून शांत दिसतो, रक्त येत नाही, म्हणून लोकांना तो बरा वाटतो. पण रक्तपुरवठा तुटून शिंग पडायला कित्येक आठवडे लागतात आणि तेवढे सगळे आठवडे जनावर दुखणं सोसत असतं. रबर मध्येच तुटलं तर अर्धवट कुजलेलं शिंग तसंच राहतं. आणखी वाईट म्हणजे काही जणांच्या पिशवीत आता गुंगीच्या औषधाची बाटलीही असते. झायलाझीन हे गुंगीचं औषध गाईगुरांना घोड्याच्या मानानं फार कमी, सुमारे दहाव्या हिश्शाएवढं, पुरतं. मोजमाप न कळणाऱ्याच्या हातात ते गेलं तर गाय पोट फुगून किंवा तोंडात आलेलं पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊन दगावू शकते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गाभण गाईला दिलं तर गर्भाला धोका असतो. आणि एवढं करूनही गुंगी म्हणजे भूल नव्हे. जनावर हलत नाही म्हणून त्याला दुखत नाही असं होत नाही.

तिसरी तक्रार शिबिरांबद्दल. अडीच महिन्यांनी भरलेल्या त्या शिबिराला मी गेले होते, चंद्रीशिवाय. जनावरं रांगेत उभी होती. एक जण इंजेक्शन देत पुढे जात होता आणि त्याच्या मागोमाग शिंग कापायची तार घेऊन दुसरा. भुलीला किती वेळ दिला ते मी मोजलं नाही, पण रांगेतल्या तिसऱ्या गाईनं तार लागताच गुडघे टेकले हे मी पाहिलं. लिग्नोकेन हे भुलीचं औषध टोचल्या क्षणी काम करत नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या मुळापर्यंत हाडाची धार हाताला लागते, तिच्या खाली शिंगाकडे जाणारा मज्जातंतू असतो. साधारण मधोमध, त्या धारेखाली औषध सोडायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आणि शिंगाभोवतीच्या कातडीला सुई टोचून गाय डोकं झटकते का ते पाहायचं. मोठ्या शिंगाला मागच्या बाजूनंही तंतू येतात, म्हणून तिथे वेगळी भूल लागते. त्या निवृत्त डॉक्टरांनी मला हे एका दुपारी चंद्रीच्या उजव्या बाजूला बोट ठेवून दाखवलं. ज्यांच्या हातात सुई असते त्यांना ती पंधरा मिनिटं नाहीत, कारण त्यांना दिवसाच्या शेवटी जनावरांचा आकडा द्यायचा असतो. मोतीबिंदूच्या रांगेत आपण माणसाला असं बसवू का?

आणि भूल दोनेक तासांत उतरते. त्यानंतर काय? प्रौढ जनावराचं शिंग काढल्यावर ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, रक्तात कित्येक तास चढलेलं राहतं, आणि भूल उतरल्यावर ते पुन्हा वर येतं. सोबत मेलोक्झिकॅमसारखं वेदनाशामक दिलं तर जनावर लवकर वैरणीला लागतं. त्या रांगेत वेदनाशामक मला दिसलं नाही. ब्रिटनमध्ये भूल न देता गुराचं शिंग काढणं कायद्यानं चालत नाही. आपल्याला तेवढं करायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही, आपल्या एका परिपत्रकानं होईल.

चौथी तक्रार थोडक्यात. शिंग काढल्यावर कोणी परत पाहायला येत नाही. कवटीतलं ते भोक आतून मांस भरत भरत बंद व्हायला एक-दोन महिने, कधी जास्तही लागतात. तेवढे दिवस पट्टी, माशांपासून बचाव, वैरणीचा भुसा वरून डोक्यावर पडणार नाही अशी दावण, धनुर्वाताची लस, आणि नाकाकडे लक्ष, हे सगळं मालकाला कोणी समजावून सांगत नाही. शक्य असतं तिथे थंड, कोरड्या दिवसांत, माशा कमी असताना हे काम करावं, हे खरं आहे. पण रुतलेल्या शिंगाला ऋतू दाखवता येत नाही. तिथे कातडी सोडवून वर शिवून घेण्याची पद्धत वापरा, म्हणजे भोक उघडं राहतच नाही. ती वेळखाऊ आहे हे मला माहीत आहे.

पाचव्या तक्रारीत मी स्वतःलाही धरते. आपण सगळेच फार उशिरा जागे होतो. चंद्रीचं शिंग गालापासून तीन बोटं लांब होतं तेव्हा फक्त टोक कापून घेतलं असतं, तर भूल, रक्त, पोकळी यांतलं काहीच आलं नसतं. शिंगाच्या टोकाचा भाग भरीव असतो. नखासारखा. तिथे रक्त नाही, दुखणं नाही. हाडाचा गाभा कुठवर आला आहे ते जनावरागणिक वेगळं असतं, म्हणून अंदाजानं खोल जाऊ नये, थोडं थोडं कापावं, शंका असेल तर एक्स-रे घ्यावा. जिवंत भागावर हात ठेवला तर ऊब लागते, टोक गार लागतं, एवढं मालकालाही कळू शकतं. असं टोक कापलेलं शिंग पुन्हा वाढतं, म्हणून ठरावीक अंतरानं परत कापावं लागतं. लसीकरणाला आपली माणसं दरवर्षी गोठ्यात येतातच. त्याच फेरीत प्रत्येक जनावराच्या शिंगाचं टोक कुठल्या दिशेनं चाललं आहे एवढं पाहिलं, तर माझ्या चंद्रीसारख्या बहुतेक जनावरांवर शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे माझ्या पत्राचा कोणी वेगळा उपयोग करणार नाही. मी सरसकट शिंगं काढण्याच्या बाजूची नाही. अजिबात नाही. मारकी गाय आहे म्हणून तिची शिंगं मुळापासून काढा, असं म्हणणारे अनेक आहेत, आणि मला ते पटत नाही. गोठा अरुंद असेल, गव्हाण कमी पडत असेल, पाण्याच्या एकाच हौदावर दहा तोंडं येत असतील, तर गाई ढुसण्या मारणारच. आधी जागा वाढवा, मारकीला वेगळं बांधा. टोकं गोल करून घेतली किंवा टोकांवर गोळे बसवले तर खोल जखमा टळतात, ढुसणी थांबत नाही. शिवाय कळपात शिंगांना मान असतो. एकीचीच शिंगं काढून तिला शिंगाळ्या गाईंत परत सोडलं, तर काल मागे सरणाऱ्या गाई आज तिला वैरणीवरून हाकलतात. माणसाच्या जिवावर बेतणारं जनावर असेल आणि बाकीचे उपाय करून झाले असतील, तर तो निर्णय डॉक्टरांनी मालकासोबत बसून घ्यावा. मोडलेल्या शिंगाचंही तसंच आहे. नुसती वरची खोळ निघून आतला लालभडक गाभा उघडा पडला, तर पाहून धडकी भरते, पण बहुतेक वेळा तो धुऊन पट्टी बांधली की वरून कडक होतो. तिथे करवतीची गरज नसते. गरज कुठे आहे आणि कुठे नाही हे ठरवायलाच तर डॉक्टर लागतो, आणि आपल्या आदेशानं नेमकं तेच ठरवण्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

तो आदेश मागे घ्या. त्याऐवजी नवा काढा, ज्यात शरीरात रुतणारं किंवा टेकलेलं शिंग, हाडासकट मोडलेलं शिंग आणि कर्करोगाचा संशय असलेलं शिंग ही तातडीची प्रकरणं म्हणून नोंदली जातील. ती आलेल्या दिवशी तपासली जावीत, आणि शस्त्रक्रियेची तारीख त्याच आठवड्यातली मिळावी.

मज्जातंतूची भूल, ती लागल्याची सुई टोचून खात्री, आणि किमान काही दिवस पुरेल असं वेदनाशामक, यांच्याशिवाय कोणत्याही प्रौढ जनावराच्या शिंगाच्या जिवंत भागाला तार किंवा करवत लागू नये. दवाखान्यातही नाही, शिबिरातही नाही. शिबिरांत जनावरांची संख्या डॉक्टरांच्या संख्येवर बांधा.

प्रत्येक दवाखान्यात मजबूत खोडा आणि तो वापरायला शिकलेले दोन मदतनीस द्या. डॉक्टर एकटा असतो म्हणून नाही म्हणतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तरुण डॉक्टरांना मुळाशी बोटभर कातडी घेऊन शिंग कसं काढायचं म्हणजे ते वेडंवाकडं परत फुटत नाही, धमनी चिमट्यानं ओढून पिळून रक्त कसं थांबवायचं, कातडी कशी शिवायची, हे अनुभवी हाताखाली करून पाहायची संधी द्या. पुस्तकात वाचलेलं आणि पहिल्यांदा हातात तार धरलेलं यांत फार अंतर असतं.

शस्त्रक्रियेनंतर पोकळी बंद होईपर्यंत तपासणीच्या तारखा केसपेपरवर लिहून द्या, आणि मालकाला सही घेण्याआधी सांगा की कवटीला भोक पडणार आहे आणि त्याची काळजी किती दिवस घ्यावी लागेल. मला कोणी ते सांगितलं असतं तर मी करवतवाल्याला दारात उभं केलं नसतं.

लसीकरणाच्या फेरीत शिंगांची टोकं पाहा आणि कापून द्या.

ज्यांना शिंगं नकोच आहेत त्यांना वासराच्या पहिल्या आठवड्यांत, कळी सुटी असताना, भूल देऊन ती काढण्याची सोय द्या. आणि त्याहून पुढे जाऊन कृत्रिम रेतनात जन्मजात भुंड्या वळूंच्या रेतमात्रा उपलब्ध करा. भुंडेपणाचा गुण प्रभावी असतो. आई आणि बाप दोघांकडूनही हा गुण आलेल्या वळूची जवळजवळ सगळी वासरं शिंगाशिवाय जन्मतात. अमेरिकेतल्या आयोवाचे पशुपालक वॉरन गॅमन यांनी 1901 मध्ये देशभर विखुरलेली हेरफर्ड या जातीची मूठभर जन्मजात भुंडी जनावरं गोळा करून त्यांच्यापासून अख्खी भुंडी शाखा उभी केली. शंभर वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे. जिथे वंशाची ओळखच शिंगांत आहे तिथे हे करू नका, तिथे शिंगं राहू द्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवा.

या सगळ्याला माणसं लागतील, औषधं लागतील, वेळ लागेल. मी मागते आहे ते फुकट मिळणारं नाही हे मला कळतं. सगळं उद्याच होणार नाही, हेही कळतं. पण पहिली मागणी एका सहीची आहे.

चंद्री आता एकशिंगी आहे. जखम भरली, वर केस आले, पण त्या बाजूला हात नेला की अजून मान काढून घेते. तिचं उजवं शिंगही म्हातारपणी आत वळायला लागलं आहे. दर पंधरा दिवसांनी मी त्याचं टोक आणि कपाळ यांच्यामध्ये बोटं घालून पाहते. आज चार बोटं मावतात. तीन मावतील त्या दिवशी मी तिला घेऊन दवाखान्यात येणार आहे, फक्त टोक कापायला. ते दहा मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी भिंतीवर तो कागद नसावा.

आपली,
एक पशुपालक